हितनं हितंच

जिमखान्याचं कुलूप पहाटे साडेपाचला
कुणाचंच ऐकत नाही.
किल्लीवर शिसपेन्सिल घासायची,
हे मला जुन्या शिपायानं शिकवलं.
बी.पी.एड.ला नव्हतं.

आत आधी लोखंडाचा वास,
मग चटयांचा, मग कुणीतरी विसरलेल्या मोज्यांचा.
तीच पेन्सिल कानावरून काढून मी वही उघडतो.
खरमाटे : बैठका, साठ किलो, डावा गुडघा आत जातो.
नदाफ : सत्तर. घाई करते.
ऐनापुरे उपाशी आला होता.
दोन केळी दिली, वजन दिलं नाही.

बावीस वर्षं.
दर जूनला नवी ऑर्डर, अकरा महिन्यांची.
बाराव्या महिन्यात मी कोण असतो
ते प्राचार्यांनाही सांगता येत नाही.
ढाल आली की गुलाल मैदानावरच्या सरांना.
बरोबरच आहे.
त्या वेळी मी पत्र्याच्या शेडमागं
कुणाच्या तरी पोटरीतला गोळा चोळत असतो,
आणि फोटोत
माझा एक कोपर आलेला असतो.

महापुराच्या साली पाणी खिडकीच्या वर.
कपाट गेलं, प्रमाणपत्रं गेली, वह्या गेल्या,
म्हणजे सोळा वर्षांचे गुडघे गेले.
पाणी उतरल्यावर गाळात कोपरापर्यंत हात घालून
प्लेटा चाचपल्या.
सगळ्या जिथल्या तिथं.
कृष्णामाईनं अख्खी म्हैस नेली पलीकडच्या गोठ्यातली,
पण या नाही उचलल्या.
रॉकेलनं पुसल्या. त्यातली वीसची एक
आता साडेएकोणीसच भरते.
पोरं तिला पूरग्रस्त म्हणतात
आणि दमल्या दिवशी बरोबर तीच शोधतात.

शहनाज नदाफचे वडील मार्केट यार्डात हमाल.
एकदा पोरीचा डबा द्यायला आले
ते भुवयांपर्यंत हळदीत.
दाराशी चपला काढल्या.
म्हटलं, घाला, पायावर काही पडेल.
ती जमिनीवरून नव्वद उचलत होती.
त्यांनी श्वास धरून पाहिलं, बार टेकेपर्यंत.
मग हळूच मला :
"सर, हितनं उचलायचं न् परत हितंच ठेवायचं?"
"होय."
"मग न्यायचं कुठं?"

पोरं हसली.
मला हसता आलं नाही.
माझी नजर त्यांच्या उजव्या खांद्यावर,
दोन बोटं खाली उतरलेला.
दिवसाला किती पोती, विचारलं.
"सीझनला तीनशे. मोजतो कोण, मुकादम मोजतो."
पट्टा?
"कसला पट्टा?"

स्टँडवरचा बार दोघांनी त्यांच्या पाठीवर दिला,
पोतं देतात तसा.
नव्वदच. लेकीएवढाच.
त्यांना काही वाटलं नाही त्याचं.
मान किंचित खाली घालून
ते सवयीनं दाराकडे निघाले,
एक, दोन, तीन, चार,
आणि थांबले.
बाहेर ट्रक नव्हता.
नव्वद किलो खांद्यावर घेऊन
एक माणूस आजूबाजूला बघत होता,
उतरवायचं कुठं म्हणून.

"अब्बा, गुडघ्यातनं वाका," शहनाज म्हणाली,
"पाठ सरळ. घाई नाही."
घाई नाही!
ही पोरगी मी तीन वर्षं ऐकतोय.

उचलायला सगळेच येतात माझ्याकडे.
माझी निम्मी नोकरी ठेवायला शिकवण्यात गेली,
आवाज न करता, कंबर न मोडता.
हे कुणाला सांगितलं तर
पगार किती, असं विचारतात.

त्या दिवशीच्या पानावर, शेवटी,
नदाफ (वडील) : नव्वद, चार पावलं.
शेऱ्याचा रकाना कोरा आहे.
एकदोनदा भरायला बसलो,
पण दरवेळी कुणीतरी हाक मारली, सर, बघता का,
आणि उठलो.

आज जूनची बावीस तारीख.
ऑर्डर अजून आलेली नाही.
पावसाळी हवेनं कुलूप पुन्हा फुगलंय.
ऐनापुरे पायरीवर बसलाय, केळं खाऊन आलोय म्हणतो.
पेन्सिल बोटभर उरलीय.
घासतो.