आपत्कालीन संपर्क

फॉर्मवर नाव, वय, रक्तगट, पोहता येतं का,
आणि अगदी खाली: आपत्कालीन संपर्क.
तिथे पेन जरा वेळ थांबलं,
यशवंत सागरच्या काठावर, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत.
मग मी माझाच नंबर लिहिला.

लोकेश बाथमने न बघता कागद पाटीला अडकवला.
बावीस-तेवीसचा पोरगा, आजोबा याच पाण्यात जाळी टाकायचे म्हणाला.
"मैडमजी, चप्पल इधर. चश्मे को डोरी बांध लो."
मला सात नंबरची पिवळी कयाक.
बाकी सगळ्या दोघा-दोघांच्या.

मार्गशीर्षातली पौर्णिमा.
रामबागेत आता दत्ताचा पाळणा हलत असेल,
कुणीतरी विचारत असेल, पारुंडेकरबाई दिसल्या नाहीत.
सुंठवडा मात्र सकाळीच कुटून दिलाय,
त्यातला चिमूटभर पुडीत, जॅकेटच्या खिशात,
देवाच्या आधी.

एकतीस वर्षं नगर निगमच्या नळखात्यात
मी या पाण्याची बिलं केली.
थकबाकी, दंड, मीटर बंद, पत्ता सापडत नाही.
खिडकीत हात घालून लोक विचारायचे,
बाई, पाणी येणार तरी कधी?
येईल हो, म्हणायची मी, यशवंत सागर भरलाय.

भरलाय खरंच.
आज पाहिला.

वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी बाहीत शिरतं
आणि कोपरापाशी जाऊन थांबतं, गार, विचार करत.
डावं, उजवं. डावं, उजवं.
माझं डावं नेहमी जास्त लागतं, म्हणून मी
सगळ्यांपासून हळूहळू उजवीकडे निघाले.

चंद्र हातोदच्या बाजूने आला.
कुणी काही बोललं नाही, फक्त सगळे फोन वर झाले.
"डाल दो बैग में," लोकेश म्हणाला, "अब आंख से देखो."
मग उजेड पाण्यावर असा पडला
की कुठलं वल्हं कुणाचं ते कळेना.

लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी जवळ या, असं ठरलं होतं.
शिट्टी झाली.
मी ऐकली.
वल्हं मांडीवर आडवं होतं, राहू दिलं.
पाणवेलींच्या कडेला कयाक आपणच टेकली,
चांदव्यांचा थवा अंधारात कुजबुजत होता,
पाय गारठले होते आणि मला
कुणाचंही काहीही द्यायचं राहिलं नव्हतं.

दुसरी शिट्टी. तिसरी, जरा घाबरलेली.

आणि मग माझ्या गुडघ्यांमधे,
पाणी न शिरणाऱ्या त्या पिशवीत,
फोन वाजला.
चांदवे फडफडत पाण्यावरून पळाले,
प्लास्टिकमधून निळा उजेड माझ्या हातांवर आला.
ओल्या बोटाला तो चारदा दाद देईना.

"हैलो, हेमलता पारुंडेकरजी के यहां से बोल रहे हैं?"
त्याचा आवाज मला दोनदा ऐकू आला,
एकदा कानात, एकदा पाण्यावरून,
थोडा मागेपुढे, जोडी न जमलेल्या वल्ह्यांसारखा.
"घबराइए मत, बस, वो दिख नहीं रही हैं.
आप उनकी कौन?"

हा रकाना फॉर्मवर नव्हता.

मी गडबडीत मराठीतच बोलले:
"नाही घाबरले. ती ठीक आहे.
दिसतेय मला.
पाच मिनिटं राहू दे तिला."

पलीकडे नुसता श्वास.
मग पाण्यावरून, फोनमधून नव्हे,
एक हसू आलं, आणि कुणाला तरी तो म्हणाला,
"सात नंबर मिल गया भिया, रुको थोड़ा."

पुडी सोडली. सुंठ जिभेला झोंबली.
चांदवे एकेक करून परत येऊन बसले,
माझ्या आणखी थोडे जवळ.
पाचाची सात-आठ झाली असतील.
दंड लावायला खिडकीत कुणी नव्हतं.