पिवळं कार्ड

रात्री दोनला नमुना येतो, अजून कोमट.
बेड नऊ. अकील, वय अकरा, राहणार तारूत.
बाहेर मध्यरात्रीही छत्तीस,
आणि पोराला दुखतंय गारठ्यानं:
मावसभावाच्या लग्नात
एसीच्या झोताखाली दोन तास बसला,
नाचून दमला, पाणी प्यायला विसरला. एवढंच.

काचेवर थेंब ओढते.
भिंगाखाली गोल, गोल, गोल,
मग एक विळा.
मग विळेच विळे, कापणीआधी झोपडीत टेकवून ठेवावेत तसे.

धडगावच्या आश्रमशाळेत बोरसे सर शुद्धलेखन घालायचे.
घरची बोली पावरी, माझ्या कानाला
पहिली-दुसरी वेलांटी सारखीच.
मी 'दिन'चा 'दीन' केला.
सरांनी अर्धा गुण कापला, म्हणाले,
वेलांटी फिरली की दिवसाचा भिकारी होतो, पोरी.

इथंही तेवढंच झालंय.
अकराव्या गुणसूत्रावर
'ए'च्या जागी 'टी'.
कुणी मुद्दाम केलं नाही.
पेशी जन्मभर स्वतःला उतरवून काढते,
कधी उन्हानं चुकते, कधी धुरानं,
कधी काहीच कारण नसतं, नुसती डुलकी.
बहुतेक चुका तिथंच खोडल्या जातात.
ही टिकली, कारण कामाला आली:
इथल्या खजुरीच्या पाटांवर
आणि आमच्या नर्मदेच्या ओहोळांवर
डास घोंगावायचे तेव्हा,
एकाच बाजूनं चुकलेलं पोर
हिवतापातून उठून भाकरी मागायचं.
दोन्हीकडून चुकलेल्याचं
कुणी बोलत नसे.

चोरासाठी कडी बसवली.
चोर इथून कधीच गेला,
कडी अजून घरच्यांचीच बोटं चेमटवते.

पुस्तकात या चुकीच्या आसपासच्या मजकुराला नाव आहे,
अरब-भारतीय.
मधल्या जोडरेघेत अख्खा समुद्र.
कुणाचं गलबत, कुणाची सोयरीक,
तिथं पुस्तकही 'बहुधा' म्हणतं.
मी विमानानं आले, व्हिसा काढून, अंगठे देऊन.
माझं रक्त माझ्याआधी पोचलेलं.

अकीलची आई झकिया खिडकीशी येते.
तुमच्याकडे असतं हे?
माझं अरबी दवाखान्यापुरतं. म्हणते, असतं.
भाऊ होता.
'होता' ती बरोबर ऐकते.

दित्या. रविवारचा जन्म म्हणून दित्या.
त्याचं कार्ड लाल, माझं पिवळं.
बडव्यानं कोंबडं मागितलं, ते दिलं,
मग जीप मागितली, ती मिळेपर्यंत उजाडलं.
नंदुरबारच्या अलीकडे, तळोद्याच्या फाट्यावर,
गुडघे पोटाशी घेऊन
तोच विळा झाला होता.
हे सगळं मला अरबीत येत नाही.

झकिया पिशवीतून खजूर काढते, खुनैझी, काळसर,
सासरे अजून स्वतः झाडावर चढतात.
बोटानं हवेत वाक काढते, मिंजल.
मी तसाच वाक काढते, विळा.
दोघी जरा हसतो, मग नाही.

अहवाल लिहिते. सलाईन चालू ठेवा, ऊब द्या, असं डॉक्टर सांगतील;
मी फक्त टक्के लिहायचे.

पहाटे आईचा फोन.
शहाद्याचं स्थळ आलंय, मुलगा तलाठी,
कार्डाचं एवढ्यात काढू नकोस.
इथं लग्नाआधी रक्त दाखवावंच लागतं, आई,
तरीही लग्नं होतात, अकील होतात.
हे म्हणत नाही. विचारते,
त्याचं तपासलंय का?

पलीकडे बराच वेळ फक्त कोंबडा.
तोंडात बी घोळत राहते,
थुंकायला कागद शोधते,
हाताला येतो तो कोरा फॉर्म.