दहा किलो

गाण्यातले शब्द मला कधी नीट ऐकूच आले नाहीत.
ऐकू यायचं ते खालून कुणीतरी चालत असलेलं,
तळघरात, जड चपला घालून.
वरातीतही मी बँडच्या शेवटच्या माणसामागे रेंगाळायचो,
ज्याच्या खांद्यावर सगळ्यात मोठं पितळी तोंड.

त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, त्या चालणाऱ्याला नाव आहे,
डबल बास,
चार तारा, माणसाहून उंच,
आणि नवा घ्यायचा तर माझे सात पगार.

भुसावळला, रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांमागे,
कुटिन्होबाईंनी तो मोरीच्या आडोशाला उभा केला होता,
अंगावर पलंगपोस, पाहुण्यासमोर यायला लाजणाऱ्या
थोराड मुलासारखा.
वडील मालगाडीचे गार्ड, म्हणाल्या,
शनिवारी रात्री इन्स्टिट्यूटच्या नाचाला वाजवायचे,
रविवारी चर्चमध्ये घोरायचे.

मी जाणकारासारखी त्याच्या पोटावर टिचकी मारली.
कलिंगड घेताना मारतात तशी. दुसरी येत नव्हती.
बाई हसल्या नाहीत.
"अस्सल लाकूड नाही हे. प्लाय आहे.
अस्सल असतं तर इथल्या एका मे महिन्यात
उलून दोन झालं असतं.
हलकं होतं, म्हणून राहिलं."

आठ हजार, त्या म्हणाल्या. मी सहा म्हणालो.
साडेसहाला त्यांनी पलंगपोस काढून घेतला,
घडी घातली,
आणि मी फाटकाशी पोचल्यावर मागून आणून दिला.
"आत एक काठी उभी आहे. गोंद नाही, खिळा नाही,
नुसत्या दाबावर. सगळ्या तारा एकदम सोडू नका.
पडली तर उभी करणारं आता कुणी नाही."

सलामत तडवीच्या छोट्या हत्तीत
केळीच्या पानांवर आडवा घालून निघालो.
तापीच्या पुलावर वारा त्याच्या भोकांत शिरला
आणि तो आपणहून एकदा बोलला.
सलामतनं गाडी हळू केली.
"भो, मांगं कोनी बसेल हाये का?"

सावद्याला आधी काट्यावर घेतलं.
माझाच काटा, केळीचे ट्रक मोजतो मी तिथे रात्रपाळीला.
पण तो दहा-दहानंच मोजतो, त्याच्या आतलं त्याला कळत नाही.
पडद्यावर दहा, मग शून्य, मग दहा.
ठरेना.
पावतीवर 'माल' असं लिहिलेल्या जागी
मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

"केवढ्याले घेतलं भो?" हमालांनी विचारलं.
"साडेसहा."
"शे?"
मी हो म्हणालो.

घरी वैजूनं दाराची एक फळी काढून दिली
आणि विचारलं, ह्याला जेवायला काय लागतं.
लागत होतं. सगळ्यात जाड तार नव्हतीच,
नेमकी तीच, जिच्यासाठी गेलो होतो.
पुण्याहून एकटीचे एकवीसशे.

म्हणून सध्या तीन.
पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले, मग फुटले.
पोरगा म्हणतो, पप्पा, कपाट सरकवतायत.
सूर लावायला कुणी नाही,
पण घरामागच्या ट्रान्सफॉर्मरची घूं
बारीक तारेच्या अगदी जवळ येते,
वरच्या अंगाला किंचित चढी.
पीळ देत देत तिच्याशी जुळवतो,
दोन्ही सूर एकमेकांवर घासतात,
थरथर मंदावते,
आणि तेवढ्यात लोडशेडिंग.

ट्रान्सफॉर्मर गप्प. पंखे गप्प.
पलीकडच्या गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली ते ऐकू आलं.
मी अंधारात गज तसाच ओढत राहिलो,
चुकतोय की नाही हे सांगायला आता कुणीच नव्हतं.
आतून वैजू म्हणाली,
"ते मघाचं, खालचं. ते परत वाजवा."

खालचं अजून आलेलं नाही.
पगार सात तारखेला.