उच्चार

पदवीदानाच्या आदल्या रात्री
कुलगुरू अकोर्लीबाई मला थांबवून घ्यायच्या.
जनरेटर धापा टाकत असायचा,
हरमॅटन वाऱ्याची धूळ टंकयंत्राच्या दातांत,
आणि समोर दोन हजार एकशे चौदा नावं.
मी वाचायचे, त्या म्हणायच्या.
'न्यामेच्ये. च्ये, क्ये नाही.
मागच्या रांगेतल्या आजीला कळलं पाहिजे
की हे आपल्याच घरातलं पोर आहे.'

केटाच्या खाजणाकाठी त्यांचे वडील मीठ वेचायचे.
शाळेत मास्तरांनी हजेरीपटावर यायराचं मेरी केलं
आणि सात वर्षं त्या मेरी होऊन 'हजर' म्हणाल्या.
हे त्यांनी एकदाच सांगितलं,
चहा ढवळत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

बाकीचं सगळं कोनशिलांवर आहे:
मृदाशास्त्राची प्रयोगशाळा, मुलींचं तिसरं वसतिगृह.
कोनशिलेवर नाही तो एक फोन.

त्या मार्चमध्ये वसतिगृहांत अकरा दिवस पाणी नव्हतं.
पोरांनी रिकाम्या बादल्या फाटकाशी आणल्या
आणि रात्रभर बडवल्या.
पहाटे चारला बाई म्हणाल्या, 'पोलिसांना लावून दे.'
आकडे मी फिरवले.
बोटाला काय ठाऊक, असं मी सगळ्यांना सांगते.
बोटाला ठाऊक होतं.

नोव्हेंबरात यादी आली. भूगोल, दुसरा वर्ग.
वुम्पिनी अलहासन हे नाव मी गाळलं होतं;
रीतच ती.
बाईंनी ते समासात लिहिलं, शाईच्या पेनानं.
'ह्याचा उच्चार कुणाला विचारलास?'
कुणालाच नाही, मी म्हटलं.
मग तामालेला फोन त्यांनी स्वतः लावला.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललंच नाही.
नंतर एका बाईचा आवाज, सावकाश, तीन तुकड्यांत.
ह्यांनी तो परत म्हटला. चुकला. पुन्हा म्हटला.

दुसऱ्या दिवशी मंडपात ते नाव पुकारून
त्या हात पुढे करून उभ्या राहिल्या.
बँडवाल्यानं चुकून सूर धरला नि सोडला.
मंत्री घड्याळ बघू लागले.
हात तसाच.
शेवटी यादीवर बोट ठेवून मीच
पुढचं नाव कानात सांगितलं.

जूनमध्ये राजीनामा टंकायला दिला. दोनच ओळी.
खाली सही: यायरा.
'बाई, आडनाव राहिलं,' मी म्हटलं.
त्या तोवर
टेबलावरची धूळ बाहीनं पुसत होत्या.