एप्रिल, पंप वगैरे

कंडक्टर ओरडतो, "पागलखाना चौऽक!"
आणि अर्धी बस मान वळवून बघते
कोण उतरतंय.
आधी मी एक स्टॉप पुढे जायची,
मानकापूरला उतरून उन्हातून मागे चालत यायची,
डोक्यावर दुपट्टा, फाइल उलटी धरून.
या बुधवारी तिथंच उतरले.
धाडस वगैरे काही नाही,
चपलेचा अंगठा तुटला होता.

डॉक्टर निखाडे दर वेळी तेच विचारतात,
"या आठवड्यात काही बरं वाटलं? बारीकसं काही?"
सात बुधवार मी त्यांच्या टेबलाच्या काचेखालचं
जुनं कॅलेंडर वाचलं.
खोटं सांगवत नव्हतं,
आणि खरं सांगायचं तर
भिंत होती, पंखा होता, दुपार होती
आणि दुपारनंतर परत दुपार.

मग हा कूलर.
संघदीपने गच्चीवरून खाली आणला,
मागच्या वर्षीच्या ताट्या उपसल्या,
आत चिमणीचं अर्धं सोडलेलं घरटं.
"आत्या, पंप गेला वाटते. बर्डीवरून नवा आणतो,
दोनशेचा तर येते."
मी म्हणाले, ठेव.
का म्हणाले, ठाऊक नाही.
अकरा महिन्यांत कुठल्याच गोष्टीला
ठेव म्हणाले नव्हते.
नको म्हणाले होते. राहू दे.
बंद कर तो लाइट.

मुठीएवढा पंप. खाली जाळी,
जाळीत बोअरच्या पाण्याचा क्षार,
दातांवरच्या किटणासारखा घट्ट.
मागच्या ओट्यावर बसले
लिंबाची फोड आणि जुना टूथब्रश घेऊन.
माझे हात थरथरतात, गोळ्यांमुळे.
थरथरत्या हाताने घासणं सोपं जातं
हे त्या दिवशी कळलं.

कुंपणावरून शेवंता बोकडे,
"काय करून राहिली वं?"
"पंप साफ करून राहिले."
"जमते काय तुले? मंग आमचाबी पाह्य."
आणि गेली, गॅसवर दूध होतं तिचं.
बस, एवढंच.
आता कशी आहेस, हे विचारलं नाही.
माझ्यासाठी सगळे काढतात तो
हळू, ओला आवाज काढला नाही.
ती गेल्यावरही मी बराच वेळ
तिच्या जागेकडे बघत होते.

संघदीपने बटण दाबलं.
काही नाही.
परत दाबलं. आत कुणीतरी घसा खाकरल्यासारखं झालं,
आणि नळीतून पाणी वर चढलं,
नव्या ताटीवरून उतरलं,
आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे,
आणि खोलीभर खसाचा वास.

मला रडू आलं नाही.
आनंद म्हणावं असंही काही नाही.
भूक लागली.
कालचा भात होता, वाटीभर वरण,
वरून तेल-तिखट.
दोनदा घेतला. संघदीप मोबाइलमध्ये बघत राहिला,
मुद्दाम.

रात्री तीनला जाग आलीच.
तीच भिंत. तेच सगळं छातीवर येऊन बसलेलं.
कूलरचं पाणी मात्र पडत होतं,
टाकीतून वर, वरून टाकीत,
तेच पाणी, पुन्हा तेच,
आणि तरी खोली गार होत होती.
यावर मी जास्त विचार केला नाही.
अंगावर चादर ओढली.
एप्रिलात, नागपुरात, चादर.

"पंप सुरू झाला," मी सांगितलं.
निखाडेंनी पेन उचललं. "शेतातला? किती एचपीचा?"
"नाही हो. कूलरचा."
ते हसले. मग मीही,
थोडी उशिरा, गंजलेल्या कडीसारखी.
फाइलमध्ये त्यांनी काय लिहिलं ते दिसलं नाही.
पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची दिली.

सेफ्टी पिन लावलेली चप्पल ओढत घरी आले
तर दाराच्या कडीला पिशवी,
पिशवीत बोकडेबाईचा पंप,
आमच्यापेक्षा वाईट अवस्थेतला,
आणि दोन लिंबं.