बिजागरी

वसमतचा कुठलाही लॅपटॉप उघडा,
पंख्यातून आधी हळद निघते.
मोंढ्यातल्या मशिनी मी वासावरून ओळखतो.
ही दिगंबरराव कातनेश्वरकर मुनिमाची,
पस्तीस वर्षं एकाच अडतीवर बसलेला माणूस.
"मोईज, पडदा लुकलुकायलाय बग.
डोळ्याचा डॉक्टर म्हणला डोळे ठीक हाएत,
तवा तुझ्याकडं आलो."

लुकलुकणं दहा जातीचं असतं.
टास्क मॅनेजर लावला, तोही बाकीच्यांसोबत थरथरला,
म्हणजे एकट्या प्रोग्रामची खोड नव्हे.
ड्रायव्हर काढला, जुना घातला, मशीन पुन्हा चालू केली.
तसंच.
रिफ्रेश रेट साठावर आणला.
तसंच.
दुकानातला जाडा मॉनिटर जोडला तर तिथं चित्र
दुपारच्या विहिरीवानी गप.
मग झाकण दोन्ही हातांनी धरून
बोट बोट मागं नेत गेलो.
शंभर अंशाला शहाणं.
जरा पुढं ओढलं की अंगात आल्यासारखं.

केबल. बिजागरीतून वर जाते ती.

जुन्या एटीएम कार्डानं कड सोडवली.
एकाच जागी साल गेलेलं,
चपलेचा अंगठा झिजतो तसं.
सकाळी उघडून रात्री मिटणाऱ्याची
पाच वर्षांत एवढी झीज होत नाही.
ही येता-जाता झाकलेली मशीन.
गिऱ्हाईक आलं, झाक.
मालक आले, झाक.
पोरगा डबा घेऊन आला,
झाक.

टेप गुंडाळून तात्पुरता पडदा लावून पाहिला.
पांढऱ्या पानावर काळे ठिपके.
पिक्सेल मेले वाटलं, फडक्यानं पुसले.
पुसले जाईनात, म्हणून जवळ गेलो.
बे. पे. ते.
वहीचा फोटो होता.
अक्षर पहिलीतल्या लेकराचं, हात मात्र जमाखर्चाचा,
एकाखाली एक अशी बसवलेली
जणू शेवटी बेरीज मारायची आहे.
एका 'ते'ला वर तीन ठिपके पडलेले,
बिचारा 'से' होऊन बसला होता.

शेजारी दुसरा फोटो, पिवळ्या पानाचा,
निजामाच्या शाळेत शिकलेल्या कुणाचं तरी
धावतं अक्षर, नुक्ते निम्मे गाळलेले.
माझी शाळा जिल्हा परिषदेची, मराठी.
उर्दू मशिदीत दोन उन्हाळे, तेवढीच.
अडखळत होतो, त्यात पडदाही अडखळत होता.
उजळला:
दिगू को फिर बुख़ार
विझला.
उजळला:
नहर को पानी आया
विझला, आणि मी स्वतःहूनच मशीन बंद केली.
दुसऱ्याच्या घरची लाइट येऊन-जाऊन करते
म्हणून काय खिडकीशी उभं राहायचं?

नवी केबल नांदेडहून संध्याकाळच्या गाडीनं आली.
बसवताना बिजागरीपाशी जरा ढिली सोडली.

"किती झाले?"
"नऊशे. पण झाकण हळू झाकत जा, दिगंबरराव."
त्यांनी पडद्याकडं पाहिलं. पडदा ढिम्म.
मग माझ्याकडं पाहिलं.
"हळू झाकाय येळ कुठं भेटतो," म्हणाले,
आणि नऊ नोटा दोनदा मोजून दिल्या.

रात्री शटर निम्मं ओढलेलं असताना फोन.
"मोईज, दालवर ठिपका असतोय का रे?"
"नाही. ठिपका दिला की ज़ाल होतो."
"मग ह्याच्यावर हाय तो?
फोटो नाही, खरी वहीच घेऊन बसायलोय."
कुठला दाल ते मी विचारलं नाही.
"हळदीचा असंल," म्हणालो,
"नखानं खरवडून बगा."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
कागदावर नख चालल्याचा आवाज तेवढा येत होता.