टिंब

पापाच्या तिकटीपासून गंगावेशीपर्यंत
तालमींचे बोर्ड तातोबा पेंटरनं रंगवले
आणि प्रत्येक 'नांव'वर टिंब दिलं.
नियम बदलला तेव्हा मास्तर समजवायला आले.
तातोबा, ते आता कुणी उच्चारत नाही.
हा म्हणाला, टिंब काढलं तर नांवाची नाव हुईल
आणि बुडंल.

मी त्याचा पोऱ्या होतो.
आता उद्यमनगरात फ्लेक्सचं मशीन चालवतो,
वाढदिवस, निधन, पुन्हा वाढदिवस.

परवाच्या उन्हाळ्यात ईमेल आला,
आयर्लंड, गाव लिमरिक.
बाईचं नाव सहा अक्षरांचं, उच्चार नुसता 'साइव्ह'.
उरलेली अक्षरं उभी आपली
फेटा बांधून, लांबच्या पाव्हण्यांसारखी.
तिचा बँड तिघांचा. कंपनी नाही, साहेब नाही.
स्वयंपाकघरात बसून आठ गाणी केलेली,
पदरच्या पैशानं तीनशे तबकड्या,
आणि कव्हरवर हवं होतं बँडचं नाव, म्हणजे तिचंच,
हातानं काढलेलं.
कुणीतरी तिला आमच्या तालमीचा फोटो दाखवलेला.
वाचता येत नव्हतं.
ती म्हणे टिंबाकडंच बघत राहिली.

तिकडंही होतं ते.
मठातली माणसं वासराच्या कातड्यावर लिहायची
तेव्हापासून
अक्षराच्या डोक्यावर शाईचा एक थेंब,
की अक्षर मऊ पडायचं,
'ब' म्हणता म्हणता 'व' व्हायचा.
मग टाइपरायटर आले, नियम आले,
टिंब पुसून शेजारी एच उभा केला.
तिच्या नावात असे दोन एच.
तिच्या पणजीच्या थडग्यावर
अजून दोन टिंबं आहेत, शेवाळ धरलेली.

तातोबाला वाचून दाखवलं.
चौऱ्याऐंशीचा, डावा डोळा गेलेला.
बराच वेळ गप्प. मग,
'कातड्यावर रंग कसा धरत असंल रं?'
दुसऱ्या दिवशी चप्पल लाइनीतून
चुन्यात मुरवलेलं शेळीचं कातडं घेऊन आला.
घरभर वास. सून दोन दिवस बोलली नाही.

गाणी मी मोबाइलवर लावली.
आवडली का, ते विचारलं नाही.
तिसऱ्यात बासरी थांबते तिथं
ब्रश उचलून म्हणाला,
'मागं कुणीतरी च्या ठेवलाय.'
परत लावलं.
खरंच, किटली.

जुन्या वळणाची चार अक्षरं, अकरा दिवस.
टिंबं शेवटाला.
मनगटाखाली काठी, श्वास आत.
एक बसलं.
दुसरं जरा खाली घसरलं.
म्हटलं, स्कॅन केल्यावर वर सरकवतो.
'सरकवून तर बघ.'
तसंच पाठवलं.

दसऱ्याच्या तोंडावर तबकडी आली.
वाजवायचं यंत्र त्याच्याकडं नाही, माझ्याकडंही नाही.
रंगाच्या डब्यांना टेकवून ठेवली.
पाठीमागं पेननं लिहिलेले आभार,
त्यांच्या जुन्या अक्षरांत
तातोबा,
आणि 'बी'च्या डोक्यावर टिंब.
म्हणजे वाचायचं तातोवा.
चुकून, का मायेनं,
मी अजून विचारलेलं नाही.

त्यानं तबकडी उजव्या डोळ्याजवळ धरली.
'हिचंबी घसरलंय,' म्हणाला,
आणि अंगठ्यानं पुसून बघितलं,
वाळलंय का ते.